माझा वाटा

गेल्या महिन्यात धाकटा पुतण्या माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी गोरेगावला एका चित्रपटसंस्थेत त्याची मुलाखत होती. जागा सहायक संकलकाची. मोबाईलवर तीन मिनिटांची शोरील दाखवून तो म्हणाला, "काका, हे माझं काम." दृश्ये देखणी होती. मी विचारले, "यातलं तुझं किती?" तो गप्प झाला आणि मला १९८६ सालची माझी पहिली मुलाखत आठवली.

वसईहून पहाटेची गाडी पकडून मी दादरच्या एका स्टुडिओत गेलो होतो. एका लघुपटाच्या श्रेयनामावलीत माझे नाव होते. वास्तविक मी त्यासाठी फिल्मचे डबे वाहिले होते आणि तुकड्यांवर क्रमांक घातले होते. मुलाखतीत मात्र "संकलनात माझा मोठा सहभाग होता" असे मी ठोकून दिले. समोरच्या वयस्क संकलकांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सुरुवातीला क्लॅपर दिलाच नसेल, तर चित्र आणि आवाज कसे जुळवाल?" मी सिनेमाकलेवर भाषण केले. "बरं, कळवतो," ते म्हणाले. त्यांनी कधीच कळवले नाही.

उत्तर साधे होते. शॉटच्या शेवटी क्लॅपर उलटा धरून दिलेला असतो. तिथून मागे जुळवत यायचे. तोही नसेल, तर दार आपटल्याचा आवाज किंवा ओठ मिटणारी प, ब, म ही अक्षरे शोधायची. हे मी रोज पाहत होतो. पण दुसऱ्याचे काम मिरवण्याच्या नादात स्वतःचे विसरलो.

काही महिन्यांनी दुसरीकडे बोलावणे आले. या वेळी मी सांगून टाकले, "या लघुपटातला एकही कट माझा नाही. मात्र एकही तुकडा हरवला नाही, ते काम माझं." लगेच प्रश्न सुरू झाले. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४. म्हणजे हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांचे. चित्राची एक चौकट जरी गहाळ झाली, तरी पुढचा सारा आवाज सरकतो; म्हणून प्रत्येक तुकड्यावर दृश्य व शॉटचा क्रमांक लिहून तो टांगून ठेवायचा. हे सांगताना माझा आवाज कापत नव्हता. "निगेटिव्ह कापलीय कधी?" "नाही, शिकायचंय." सोमवारपासून मी कामावर रुजू झालो.

चित्रपट हे अनेक हातांचे काम. मुलाखत घेणाऱ्याला पुढे कित्येक रात्री आपल्यासोबत एका खोलीत काढायच्या असतात. त्याला प्रतिभावंतापेक्षा भरवशाचा माणूस हवा असतो. आज रिळे गेली, मेमरी कार्डे आली. तरी कार्ड पुसण्यापूर्वी त्याच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी उतरल्या की नाही, हे तपासणारा माणूस लागतोच.

त्या रात्री पुतण्याने प्रत्येक दृश्याखाली आपण केलेले काम लिहिले आणि बाकीचे काढून टाकले. तीन मिनिटांची चाळीस सेकंदे उरली. त्याचा चेहरा उतरला; मलाही वाईट वाटले.

निकाल अद्याप कळलेला नाही. मात्र मुलाखतीहून परतताना त्याने स्टेशनवरूनच फोन केला, "काका, अर्धा तास ते त्या चाळीस सेकंदांबद्दलच विचारत होते. आणि मला सगळं सांगता आलं."