टाकीमागचा चंद्र

३१ जानेवारी २०१८, माघ पौर्णिमा. त्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर ग्रहणाचा गाजावाजा मीच चालवला होता. 'सुपर ब्लू ब्लड मून, तब्बल दीडशे वर्षांनी!' हा मेसेज पुढे ढकलला, वर 'सर्वांनी सहा वाजता गच्चीवर यावे' अशी पुस्ती जोडली. दीडशे वर्षांचा हिशेब अमेरिकेचा, १८६६ पासूनचा. आपल्या बाजूला असं ग्रहण ३० डिसेंबर १९८२ला होऊन गेलं होतं. तीही महिन्यातली दुसरी पौर्णिमाच. सी विंगमधल्या निवृत्त काकांनी हे ग्रुपवर शांतपणे लिहिलं. मी अंगठा टाकला आणि गप्प बसलो. मेसेज मात्र काढला नाही.

खग्रास ६.२१ला लागणार, चंद्र साडेसहाच्या सुमारास उगवणार. म्हणजे लालबुंद बिंब क्षितिजावरून वर येताना दिसणार, असं मी छातीठोकपणे सांगत सुटलो होतो. सकाळी चहा पिताना सूर्य जिथे उगवताना दिसतो, त्या हडपसरच्या दिशेला तोंड करून खुर्च्या मांडल्या.

इथेच सगळं फसलं. चंद्रग्रहणात चंद्र सूर्याच्या नेमका समोर असतो. जानेवारीअखेर सूर्य दक्षिणेकडे कललेला, उगवतो तो आग्नेयेच्या अंगाला. मग पौर्णिमेचा चंद्र ईशान्येच्या अंगाला उगवणार हे उघड आहे. दोन्ही जागांत ३५ अंशांच्या आसपास फरक, म्हणजे हात लांब केला तर साडेतीन मुठी. उत्तरायण-दक्षिणायन मी चौथीच्या पोरांना समजावून सांगितलंय. खुर्च्या मांडताना ते आठवलं नाही.

पावणेसात झाले. "अरे, कुठाय तुझा चंद्र?" खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं.

"येतोय आजी, जरा धुरकं आहे."

कुणीतरी लांबच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा दाखवला. मी दुर्बीण लावून पाहिलं आणि 'असू शकेल' म्हणालो. आजही हे आठवलं की कान तापतात.

आपण बाजू चुकलोय हे तेवढ्यात ध्यानात आलं, पण ते न सांगता मी दुसरंच कारण पुढे केलं: ग्रासलेला चंद्र नेहमीच्या पौर्णिमेपेक्षा हजारो पटींनी मंद असतो, संधिप्रकाशात आणि धुळीत तो बुडून जातो. बोललो ते शंभर टक्के बरोबर होतं. फक्त तोपर्यंत मला ते माहीत नव्हतं; बचावासाठी सुचलं आणि नंतर पुस्तकात खरं निघालं. "पंचांगात ग्रस्तोदित लिहिलंय, सकाळीच सांगितलं होतं तुला," आजी म्हणाल्या.

सात वाजून गेल्यावर पाण्याच्या टाकीमागे लपाछपी खेळणारा एक मुलगा ओरडला, "इकडे मातीचा चंद्र आलाय!"

आलेलाच होता, चांगला मूठभर वर. टाकी आमच्या डाव्या हाताला, आणि तो तिच्या आड. रंग भाजलेल्या माठासारखा. डावीकडे वर काळपट, उजवीकडे खाली जरा उजळ. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून, गाळून गेलेला तांबूस प्रकाश तेवढा त्याच्यावर पडतो. दुर्बिणीत शेजारी पुष्य नक्षत्राचे बारके तारेही दिसले. पौर्णिमेच्या रात्री एरवी ते कसले दिसताहेत!

तोवर निम्मी मंडळी खाली गेली होती, बहुतेक टॉवरचा दिवा पाहिल्याच्या समाधानात. ७.३८ला खालच्या कडेला पांढरा ठिपका फुटला तेव्हा उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या लाल चंद्राला मात्र कुणी वाजवल्या नव्हत्या. पूर्ण ग्रहण पाहिलं ते आजींनी. मोक्ष ८.४१ला, त्याआधी त्या जेवणार नव्हत्या.

आता ३१ डिसेंबर २०२८ला खग्रास आहे, आणि तीही महिन्यातली दुसरी पौर्णिमा. म्हणजे दीडशे वर्षांचा मेसेज पुन्हा येणार. पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र बराच वर असेल, टाकीची अडचण नाही. अडचण थर्टीफर्स्टची. गच्चीवर डीजे आणि फोकस लागतात. तासभर दिवे बंद ठेवा, असा अर्ज कमिटीला द्यायचा आहे. सही मात्र सी विंगच्या काकांची घेईन.