वार पडल्यानंतर

बाळ रडले, नाळ कापली गेली, वार पडली आणि दाराबाहेर ताटकळलेल्या मंडळींपर्यंत मुलगा की मुलगी ही वार्ता पोचली, म्हणजे साऱ्या घराचे चित्त एकदम निश्चिंत होते. पेढ्यांची तजवीज सुरू होते, आणि जिने हे सारे सोसले ती डोळे मिटून पडलेली असल्यामुळे तिला आता केवळ झोप हवी आहे असे सर्वजण गृहीत धरतात. परिचर्येची खरी कसोटी माझ्या मते याच घटकेला लागते. प्रसूतीनंतरचा जो अतिरिक्त रक्तस्राव आपल्या देशात मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत, आणि त्यातही पहिल्या काही तासांत होतो. म्हणून सर्वांची दृष्टी बाळाकडे वळलेली असताना जिच्याकडे कोणी पाहत नाही तिच्याकडे पाहत राहणे, हे आमचे आद्य कर्तव्य.

हे पाहणे डोळ्यांपेक्षा हाताने अधिक होते. नाभीच्या सुमारास तळहाताची कड दाबली की गर्भाशयाचा माथा लागतो. तो सोललेल्या नारळासारखा टणक लागला तर आकुंचित स्नायूंनी आतल्या रक्तवाहिन्या आवळून धरल्या आहेत असे समजावे, आणि मऊ, पसरट, बोटांखालून निसटणारा लागला तर तत्क्षणी चोळायला लागावे व डॉक्टरांना हाक द्यावी. बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे 10 युनिटांचे इंजेक्शन दिलेले असते खरे, परंतु ते दिले म्हणून हात उचलून घेण्याची मुभा मिळत नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, माथा आणि पॅड पाहायचेच. शिवाय भरलेले मूत्राशय गर्भाशयाला वर आणि एका अंगाला ढकलते व आवळू देत नाही, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, पण वॉर्डात तिचे महत्त्व फार मोठे. टाके झोंबतील या भीतीने, आणि खाटेभोवती सासर-माहेरची माणसे उभी असल्याच्या संकोचाने बाई काही बोलत नाही. विचारले तर "काही नाही, सिस्टर" एवढेच म्हणते. मग माणसांना बाहेर घालवून, तिच्या कानाशी वाकून, "लघवीला जाऊन आलीस का गं?" असे पुन्हा विचारावे लागते. नव्याने रुजू झालेल्या मुलींना मी सर्वप्रथम हा प्रश्न शिकवते.

मात्र जो हात जाणतो तोच घातही करू शकतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातील ज्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तेथे सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक बायका सूतिकाज्वराने दगावतात, आणि हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात, हे सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये ताडले, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. दोन खाटांच्या मधल्या चार पावलांत हात धुण्याचा कंटाळा करणाऱ्याविषयी माझ्या मनात क्षमा नाही.

बाळाच्या बाबतीतही हातच आधी बोलतो. पोट ऊबदार आणि तळपाय गार लागले तर बाळ थंडीशी झगडू लागले आहे. पोटही गार लागले तर विलंबाला जागा नाही. म्हणूनच जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याचा आजीबाईंचा आग्रह मी नम्रपणे पण ठामपणे मोडते आणि निदान चोवीस तास आंघोळ लांबवते. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची जी रीत बोगोटा येथे 1978 मध्ये सुरू झाली, तिची उपयुक्तता आमच्यासारख्या तालुक्याच्या इस्पितळात, जेथे वीज केव्हाही जाते, विशेष पटते. आई थकली तर आजीने घ्यावे, बापाने घ्यावे. चीक पिळून टाकण्याची चाल आता पुष्कळ मागे पडली आहे. मधाचे बोट मात्र अजून कोणीतरी पदराआड घेऊन येतेच.

घरच्या रिवाजांना मी सरसकट नावे ठेवीत नाही. बंद खोलीतली धुरी बाळाच्या छातीला अपायकारक, ती नको; परंतु अळिवाच्या लाडवांत लोह आहे, आणि बाळंतिणीला सव्वा महिना विसावा देणाऱ्या आपल्या आज्यांची मुदत वैद्यकाच्या बेचाळीस दिवसांच्या अगदी जवळ येते. अडचण आहे ती त्या बेचाळीस दिवसांतल्या देखरेखीची, कारण आमची खाट अठ्ठेचाळीस तासांनी रिकामी होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासण्याचे शिक्षण दिले, तेव्हा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. हा वृत्तांत 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच वाटेने 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊ लागली. परंतु पोरीचे बाळंतपण माहेरी होते आणि तिचे नाव सासरच्या गावच्या दप्तरी असते. सासरची आशा कुलूपबंद दारावरून परतते, माहेरच्या आशेला वर्दीच नसते. ज्या गावी बाळंतीण प्रत्यक्ष राहणार, तेथील आशेला कळवल्यावाचून रजेच्या कागदावर सही होऊ नये, असा हुकूम निघाला पाहिजे. तो निघेपर्यंत मी स्वतः फोन करते, आणि निघण्यापूर्वी तिच्या आईकडून तोंडपाठ म्हणवून घेते: तासाभरात पॅड भिजले, ताप चढला, डोके असह्य दुखू लागले वा नजर अंधारली, बाळ ओढून पिईना, निपचित पडले, छाती आत ओढू लागले किंवा त्याचे तळपाय पिवळे दिसले, तर रात्र आहे म्हणून थांबायचे नाही, 108 ला फोन लावायचा.