काटे उशिरा येतात

जालन्यात टिश्यू कल्चर म्हटलं की लोकांना केळी आठवते, नाहीतर कपाशी. टिश्यूची केळी जळगावकडची; कपाशी मात्र इथलीच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली आणि पुढे बियाण्यांच्या इतक्या कंपन्या शहराभोवती उभ्या राहिल्या, की शेतीची पदवी घेतलेल्या पोराला पहिल्या नोकरीसाठी जिल्हा सोडावा लागत नाही. मीही त्यातलाच एक. बियाण्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं कपाशीच्या पेशी वाढवल्या, आणि मग स्वतःची छोटी लॅब टाकली ती शोभेच्या कॅक्टससाठी. वडील एवढंच म्हणाले, "बांधावरचा निवडुंग उपटता उपटता आमचा जन्म गेला. आता तू त्याला बाटलीत लावणार?"

त्यांच्या बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेतलाच, म्हणजे माझ्या झाडांचा भाऊबंदच. पण तो मोडून टाकला तरी तुकड्या-तुकड्यातून फुटतो. त्याला कसली लॅब लागते? मॅमिलारिया या कॅक्टसच्या बऱ्याच जातींनाही बुडाशी पिल्लं येतात, ती काढून लावली की झालं. लॅब लागते ती ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियाससारख्यांसाठी. हा बिनकाट्याचा, चपटा, आठ कप्प्यांचा कॅक्टस सहसा पिल्लं देत नाही, आणि बियांपासून वाढायला वर्षानुवर्षं घेतो. मेक्सिको आणि टेक्सासमधल्या त्याच्या मूळ जागांवरून तो इतका चोरला गेला, की आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत त्याचं नाव आहे. २०१५ साली झालेल्या जागतिक आढाव्यात कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं; त्यामागच्या कारणांत शौकिनांसाठी जंगलातून झाडं आणि बिया ओरबाडणं हे एक मोठं कारण होतं.

सगळी मेख आहे अरिओलमध्ये. कॅक्टसच्या अंगावर जिथून काट्यांचा झुबका निघतो ती लोकरीसारखी गादी म्हणजे अरिओल. आपण तिला काट्याचं बूड समजतो. खरं तर ती दबून राहिलेली फांदी आहे; काटे ही तिची पानं आणि आत झोपलेला एक डोळा. शेंडा जिवंत आहे तोवर हे डोळे सहसा उठत नाहीत. शेंडा उडवला आणि सायटोकायनिन गटातलं संजीवक दिलं की उठतात.

मोठ्या झाडाचा तुकडा थेट बाटलीत घालायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. लोकरीत आणि काट्यांच्या खाचांत धूळ असते, त्यात जालन्याच्या रोलिंग मिलची काळी भुकटी. वरून कितीही धुवा, महिनाभराने आतले जिवाणू मीडियावर, म्हणजे बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यावर, दुधाळ वर्तुळ काढतातच. म्हणून सुरुवात बियांपासून. बी सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन बाटलीतच रुजवायचं. रोप वाटाण्याएवढं झालं की लॅमिनारच्या निर्जंतुक हवेखाली त्याचा शेंडा कापायचा, उरलेल्याच्या उभ्या फाका करायच्या आणि अरिओल बाहेरच्या अंगाला ठेवून त्या मीडियावर टेकवायच्या. मीडियाचं सूत्र मुराशिगे आणि स्कूग यांचं, १९६२ सालचं, आणि तेही तंबाखूसाठी शोधलेलं. लिटरला तीस ग्रॅम साखर, आठेक ग्रॅम अगार, सामू ५.८, बीएपी हे संजीवक अगदी मिलिग्रॅममध्ये. मग १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह. तंबाखूचं जेवण कॅक्टसला मानवतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे कापायचं काम माझ्यापेक्षा लॅबमधल्या बाया चांगलं करतात. त्यातल्या दोघी जाफराबादकडच्या शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग करून आलेल्या. न उमललेल्या कळीतून स्त्रीकेसराला धक्का न लावता चिमट्याने पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा, दिवसभर हेच. त्या हातांना अरिओलचा आकार शिकवावा लागला नाही. पदव्या घेऊन येणाऱ्या मुलांना मी आधी त्यांच्या शेजारी बसवतो. कुणाला ते कमीपणाचं वाटतं. वाटो.

एका काटेरी जातीची पहिली पिढी बाटलीत फुटली तेव्हा या बायांमधल्या एक मावशी बाटली उजेडाकडे धरून म्हणाल्या, "सर, ह्याला तर काटाच न्हाई. आन् पानी भरल्यावानी दिसतंय."

त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. या धंद्यात त्याला काचाळणं म्हणतात. बाटलीत हवा दमट, साखर आयती, वरून संजीवक. अशा सुखात वाढलेला कोंब पारदर्शक होतो, अंगावर मेण धरत नाही आणि काट्यांच्या जागी मऊ केसासारखं काहीतरी काढतो. बीएपी वाढवलं की एका फाकेतून फुटणाऱ्या कोंबांची संख्या वाढते, हिशेबाच्या वहीत ती छान दिसते, आणि त्यातले निम्मे पुढे जगण्याच्या लायकीचे नसतात. विक्रीच्या गप्पांत 'एकापासून लाखो' ही भाषा चालते, तिच्यावर माझा विश्वास नाही. बीएपी कमी ठेवावं, मध्ये एक फेरी संजीवकाशिवायच्या मीडियावर घ्यावी, अगार थोडं घट्ट करावं. कोंब कमी मिळतात, पण काटे येतात. उशिरा येतात.

कॅक्टसचा श्वासही बाटलीत बिघडतो. उघड्यावर तो रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून वापरतो. पाणी वाचवण्याची ही रात्रपाळी. बाटलीत पाण्याचं भय नसतं, मग शिस्त ढिली पडते. असं झाड एप्रिलमध्ये बाहेर काढलं, तर जालन्याच्या बेचाळीस अंशांत एका दुपारीत सुकतं. आषाढ-श्रावणात काढलं तर सडतं. म्हणून हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं, दिवाळीनंतरच, थंडी अंगावर यायला लागली की. मुळांचा अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवायचा, कारण त्यातल्या साखरेवर बुरशी टपलेली असते. केळीचं रोप बाटलीतून काढल्या काढल्या ओल्या हवेत न्यावं लागतं. याला उलट दोन-तीन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर नुसतं पडू द्यायचं, मुळांच्या जखमा वाळेपर्यंत. मग चाळलेला मुरूम, विटेचा चुरा आणि थोडं कोकोपीट. आपली काळी माती चिमूटभरही नको. पाणी धरून ठेवणं हा कपाशीसाठी तिचा गुण, इथे तोच काळ. ट्रेवरचं प्लॅस्टिक रोज थोडं जास्त उघडायचं आणि पाणी लांबवत न्यायचं. दुष्काळी जिल्ह्यात बसून झाडांना तहान शिकवायची, हे ऐकून पाहुणे हसतात. २०१२-१३ मध्ये आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, त्या पाहिलेला माणूस मात्र फारसा हसत नाही.

बाजाराला हवे असतात रंगीत कॅक्टस, पिवळ्या-लाल पट्ट्यांचे, आणि तिथेच लॅब उघडी पडते. पट्टे येतात ते शेंड्यातल्या काही थरांत हरितद्रव्य नसल्यामुळे. अरिओलमधून उठलेला कोंब हे थर बऱ्यापैकी सोबत आणतो. पण घाईने कॅलस, म्हणजे पेशींचा बेढब गोळा, करून त्यातून कोंब काढले, तर थर विस्कटतात. एक कोंब पूर्ण हिरवा निघतो, दुसरा पूर्ण पिवळा. हिरव्याला भाव नाही. पिवळा बाटलीत साखरेवर तुकतुकीत राहतो, बाहेर आला की उपाशी मरतो. नर्सरीत मिळणारा लाल गोळ्याचा मून कॅक्टस याच जातकुळीचा. जपानमध्ये चाळीसच्या दशकात सापडलेल्या, हरितद्रव्य हरवलेल्या रोपांपासून तो आला, आणि जगतो तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर. म्हणजे जे मुबलक आहे ते लॅब आणखी मुबलक करते, आणि जे एकुलतं आहे त्याच्याशी घाई केली तर तेच घालवते. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मग कलमच करा की.

करतो आता. मून कॅक्टसखालचा तो हिरवा खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटचाच असतो, आणि ड्रॅगन फ्रूटच्या बागा आपल्याकडेही वाढल्या आहेत. खुंट आडवा छाटायचा, कोंबाचं बूड छाटायचं, दोघांच्या मधल्या नळ्यांची वर्तुळं निदान एका ठिकाणी जुळतील असं बसवून रबर लावायचं. पिवळे कोंब असे जगतातच, पण काचाळलेल्यांतलेही बरेच, ज्यांना मुळं कधी फुटली नसती, खुंटावर चढले की काटे धरतात. खुंट काही वर्षांत थकतो, तेव्हा वरचा गोळा नव्या खुंटावर चढवावा लागतो, एवढी कटकट आहे.

बदनापूरकडचा एक बागायतदार छाटणीच्या फांद्या बांधावर टाकायचा. मी टेम्पो नेऊन त्या फुकट आणायचो. गेल्या खेपेला त्याने लॅब पाहिली, मून कॅक्टसची किंमत विचारली, आणि आता तो मला फांदी नगावर विकतो.