बाळाचा उघडा कान

1999 साली अमेरिकेत ‘बेबी जीनियसेस’ नावाचा एक विनोदी चित्रपट आला. दिग्दर्शक बॉब क्लार्क, आणि कलाकारांत कॅथलीन टर्नर, क्रिस्टोफर लॉइड अशी मोठी नावं. समीक्षकांनी तो झोडपून काढला. 2004 मध्ये दुसरा भाग आला, त्याची गत तर त्याहून वाईट झाली. सुट्टीत मुलांच्या हट्टापायी आम्ही सगळ्यांनी पहिला भाग घरी बसून पाहिला. तान्ह्या बाळांचे ओठ संगणकाने हलवून त्यांच्या तोंडी मोठ्यांचे टोमणे घातले आहेत. आम्हाला ते पाहवत नव्हतं. मुलं मात्र पोट धरून हसत होती.

गोष्ट अशी की, दोन वर्षांखालची बाळं जन्मजात ज्ञानी असतात आणि आपापसांत गुप्त भाषेत बोलतात. माणसांची बोली आली की ते ज्ञान विसरतात. एक कंपनी ती भाषा उलगडण्यासाठी बाळांना प्रयोगशाळेत ठेवते. त्यातलं एक बाळ पळून जातं आणि गोंधळ सुरू होतो.

सिनेमा फसलेला असला, तरी ‘बोली आली की काहीतरी हरवतं’ हे वाक्य अगदीच खोटं नाही. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी 1980 च्या दशकात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी फार थोडी निघाली. घरात जे आवाज कानावर पडत नाहीत, त्यांच्यासाठी कान हळूहळू मंद होतो. पुढे ते शिकता येतात, पण मेहनत पडते.

ही मेहनत आम्ही जालना जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत रोज पाहतो. ज्या मुलाच्या कानावर लहानपणी मराठी पडलेली नाही, तो ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो. उर्दूत बाल म्हणजे केस! मग ‘आईने बाळाला न्हाऊ घातले’ या वाक्याला वर्ग हसतो. शेजारच्या काकूंच्या अंगणात वाढलेलं पोर मात्र ‘ळ’ सहज म्हणतं. उलट आपल्या दखनी बोलीत ‘क़लम’चं ‘ख़लम’ होतं, तेव्हा उर्दूच्या तासालाही तेवढीच कसरत करावी लागते.

मग पालक विचारतात, “सर, बाळाला मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून दिली तर?” याचंही उत्तर तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर माणूस बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलला. काहींना तेच पडद्यावर दाखवलं. माणसाशी खेळलेल्या बाळांना बारा बैठकांत चिनी आवाजांतला फरक कळू लागला. पडद्यासमोरची बाळं काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलं की, एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको.

आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानात अज़ान दिली जाते. म्हणजे या जगात आल्यावर त्याचं स्वागत एका जिवंत माणसाच्या आवाजाने होतं. पुढचं वर्षभरही असेच आवाज त्याच्या वाट्याला यायला हवेत. पण आता घास भरवताना ताटाशेजारी मोबाइल उभा असतो. कामाच्या धबडग्यात अम्मीलाही दुसरा इलाज दिसत नाही. तिला दोष देऊन भागणार नाही. घरात दादी आहे, फूफी आहे, संध्याकाळी दमून आलेले अब्बा आहेत. प्रत्येकाने दहा-दहा मिनिटं घेतली तरी पुष्कळ झालं.

दादीने दखनीत लोरी म्हणावी, अब्बांनी उर्दूत गोष्ट सांगावी, शेजारच्या मावशींनी मराठीत लाड करावेत. दोन-तीन भाषांनी बाळ गोंधळेल ही भीती सोडा. बाळं सिनेमातल्यासारखी सर्वज्ञ नसतात, पण ती ऐकत असतात. आपण त्यांच्याशी बोलत राहिलं पाहिजे.