जांभ्यातली लेणी

लातूरकडच्या शाळांच्या सहली निघतात त्या वेरूळ-अजिंठ्याला. त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या काळात वेरूळचा कैलास कोरला गेला, त्या राष्ट्रकूटांच्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असं बिरुद येतं, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं इतिहासकार मानतात. नांदेडकडचं कंधारही त्यांचंच. आणि या घराण्याच्याही आधी, सहाव्या शतकात, आपल्याच मुलखात छिन्नी चालली होती. औसा तालुक्यात, लातूरपासून साधारण ४५ किलोमीटरवर, खरोशाची लेणी आहेत. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांच्या १८७८ साली छापलेल्या अहवालातही या लेण्यांची नोंद आहे.

खरोशाचा डोंगर जांभ्या दगडाचा. वेरूळचा काळा पाषाण इथं नाही. जांभा आतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो. ऊन-वारा लागला की टणक होतो. कोकणात घरांचे चिरे याच गुणामुळे काढतात. लेण्याच्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहावं. वाटाण्याएवढी, बोराएवढी भोकं, त्यांच्या कडा गंजल्या लोखंडाच्या रंगाच्या, आत पिवळट माती. हात लागला तर तळव्यावर तांबूस भुकटी येते. म्हणूनच हात लावू नये. प्रत्येक हात मूर्तीतलं थोडं घेऊन जातो.

असल्या दगडात पापणी कोरायची कशी? नेमकं तिथंच भोक निघायचं. कारागिरांना हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी त्यांनी नरसिंह घडवला, शिव-पार्वती घडवली, कार्तिकेय, रावण घडवले. आज बऱ्याच चेहऱ्यांची झीज झाली आहे. शिल्लक आहे ती ढब: खांद्याचा रोख, कमरेचा बाक, उगारलेल्या हाताचा जोर. मला ही लेणी वेरूळइतकीच मोठी वाटतात ती यामुळे. हाती आला तो दगड त्यांनी मानला आणि त्याच्याकडून होईल तेवढं सगळं करून घेतलं.

याच औसा तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. जीव घेतला तो घरांनीच. दगडाच्या हातभर जाड भिंती, सांध्यात नुसता चिखल आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. धक्का बसला तशा भिंती सुटून आल्या. खरोशाला एकदा त्या भागातल्या एक मावशी लेण्याच्या तोंडाशीच थांबल्या होत्या. “तुम्ही पाहून या,” म्हणाल्या, “मला दगडाखाली बसवत नाही.” मी आत गेलो, पण लक्ष सगळं छताकडे. इथं रचलेलं काही नाही. छत, खांब, भिंत, देव, सगळा एकच डोंगर. नको तेवढा भाग काढून टाकलेला. मावशींना हे सांगावंसं वाटलं, पण बोललो नाही. ती पहाट पाहिलेल्या माणसाला दगडाचं शास्त्र काय सांगायचं?

आपल्याकडे कोरीव काम आणखीही आहे: माहूरला पांडवलेणं आहे, उदगीरजवळच्या हत्तीबेटावर कोरीव गुहा आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हत्तीबेटावर रझाकारांशी लढाई झाली, एवढ्यासाठीसुद्धा तिथं जायला हवं.

खरोशाच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती पावसाची. जांभा पाणी पितो. माथ्यावर मुरलेलं पाणी आत झिरपतं आणि कोरीव काम आतून सैल होतं. माथ्यावरचं पाणी चर काढून बाजूला वळवणं, खांबांवर नावं कोरणाऱ्यांना अडवणं, एवढं तरी नेटानं व्हायला हवं.

सहली वेरूळला जाव्यातच. पण त्याआधी पोरांना एक दिवस खरोशाला न्यावं, भिंतीतली भोकं जवळून दाखवावीत आणि विचारावं, या कारागिरांना वेरूळचा दगड मिळाला असता तर त्यांनी काय केलं असतं?