कर्जतचा बँकर

गणिताच्या पुस्तकातली आगगाडी कधी लेट होत नाही. तिला सिग्नल लागत नाही, तिची साखळी कुणी ओढत नाही, खिडकीच्या जागेवरून तिच्यात भांडणं होत नाहीत. तरीही या सद्‌गुणी गाडीने जितकी मुलं रडवली, तितकी खऱ्या रेल्वेला जमलेली नाहीत.

सध्या आमच्या घरी पाळी कन्येची आहे.

"बाबा, मुंबई-पुणे 192 किलोमीटर. इकडून एक गाडी ताशी 40 ने, तिकडून दुसरी 56 ने, एकाच वेळी निघाल्या. कधी भेटतील?"

"भेटून करायचंय काय त्यांना?" स्वयंपाकघरातून सौ.

मी म्हटलं, वेळ 'क्ष' तास मान. क्ष म्हणजे बेल वाजवणारा अनोळखी पाहुणा. नाव कळलं की निम्मी भीती जाते. पहिली 40 क्ष चालली, दुसरी 56 क्ष. मिळून 96 क्ष, म्हणजेच 192. क्ष बरोबर 2. भेट मुंबईपासून 80 किलोमीटरवर, नेरळच्या जरा अलीकडे!

पुढचं गणित मात्र नाठाळ निघालं. 120 किलोमीटर जाताना वेग 60, येताना 40. सरासरी?

"पन्नास!"

पुस्तकामागचं उत्तर 48. कन्येचे डोळे भरले. "मला गणित येतच नाही. मी ते सोडणार."

आता पाहुण्यांचे विनोद उपयोगाचे नव्हते. शेवटी आमचं लेजर धावून आलं. बचत खात्यावरचं व्याज 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर मोजतात. "खात्यात 2 दिवस 6000 आणि 3 दिवस 4000 असले, तर सरासरी शिल्लक किती?"

तिने गुणाकार केले, बेरीज केली. 24,000 भागिले 5. "अठ्ठेचाळीसशे... अय्या! जाताना 2 तास, येताना 3!"

बरोबर. हळू गाडी रस्त्यात जास्त वेळ मुक्काम ठोकते, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. आमच्या बँकेत जुन्या खातेदारांकडे झुकतात, तसंच.

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. घाटाचा चढ 37 फुटांत 1 फूट. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. मागून ढकलणाऱ्या या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. घाट संपला की ती मुकाट्याने सुटी होतात. गाडी आपल्या बळावर पुढे जाते.

हुद्दा काही वाईट नाही. पगारवाढ नसली म्हणून काय झालं?