दोन तारा

खलपुरुषांचा नाद आम्हांस जुना. तीस वर्षे आम्ही वर्गात इयागो शिकवीत आलो. तथापि आम्हांस खरे अस्वस्थ केले ते बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील एका प्रसंगाने.

धातूच्या कवचात वावरणारे डालेक टेरी नेशन यांनी १९६३ साली निर्माण केले. १९७५ च्या ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या सहा भागांच्या कथेत त्यांचा जनक डाव्हरॉस भेटतो. सर्व जीवमात्राचा संहार करील असा रोगजंतू हाती आला तर तो सोडशील काय, असे कालप्रवासी डॉक्टर त्यास विचारतो. त्या सामर्थ्याच्या नुसत्या कल्पनेनेच डाव्हरॉस मोहरून जातो.

पुढे डॉक्टरच्याच हाती दोन तारा येतात. त्या जुळविल्या की डालेकांची अर्भके स्फोटात नष्ट व्हावयाची. तो थबकतो.

“बाबा, हा थांबला का?” आमच्या कन्येने विचारले.

आम्हीही मनात ‘जुळव, जुळव’ असेच म्हणत होतो. तोच देवकीची बालके शिळेवर आपटणारा कंस आठवला. त्यालाही भावी संकटच टाळावयाचे होते! डॉक्टर पुढे पुन्हा त्या तारांकडे वळतो, ही गोष्ट निराळी. परंतु डाव्हरॉसला जो प्रश्न सुखावतो, तोच त्याला छळतो, एवढे खरे.

आम्हांस मात्र तो क्षणभरही छळला नव्हता. कन्येस काय उत्तर द्यावे, ते आम्हांस सुचले नाही.